जिनिंगच्या मीटरपासून गावाच्या टाकीपर्यंत : फील्ड उपकरणांचे आकडे मोफत सॉफ्टवेअरने कसे वाचावेत

वणी, पांढरकवडा किंवा हिंगणघाट भागातील कोणत्याही जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे मुख्य पॅनेल उघडले, तर दारावर डिजिटल एनर्जी मीटर, आत एक-दोन व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारी उपकरणे) आणि कुठेतरी तापमान नियंत्रक हमखास दिसतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या भात गिरण्यांमध्ये आणि अकोला-वाशीमकडच्या डाळ मिलमध्येही चित्र फारसे वेगळे नसते. यांपैकी बहुतेक उपकरणांच्या मागे संवादासाठी दोन किंवा तीन टर्मिनल दिलेले असतात. ती बहुधा रिकामीच असतात आणि शिफ्टचा ऑपरेटर दर तासाला आकडे पाहून वहीत लिहितो. हे आकडे संगणकावर घेण्यासाठी हजारो रुपयांचे स्काडा (देखरेख व नियंत्रणाचे) सॉफ्टवेअर लागते असा सर्वसाधारण समज आहे. लहान कारखान्यापुरता तो चुकीचा आहे. आयटीआय झालेला वायरमन किंवा डिप्लोमाधारक तंत्रज्ञ हे काम जुना लॅपटॉप, उपकरणाची तार यूएसबीला जोडणारा काही शे रुपयांचा कन्व्हर्टर आणि मोफत सॉफ्टवेअर यांच्या आधारे करू शकतो, मात्र त्याने कामाचा क्रम सोडता कामा नये.

या लेखात प्रामुख्याने मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलचा, म्हणजे उपकरणांच्या संवादपद्धतीचा, विचार केला आहे, कारण ग्रामीण भागातील उपकरणांमध्ये तोच सर्वाधिक आढळतो. त्यानंतर ट्रान्समीटरसाठीच्या (मोजमाप विद्युत प्रवाहाच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणांसाठीच्या) हार्ट या प्रोटोकॉलचा विचार थोडक्यात केला आहे. प्रोफिबस किंवा फाउंडेशन फील्डबस हे प्रोटोकॉल सिमेंट कारखान्यांत आणि वीज केंद्रांत भेटतात. तेथे स्वतंत्र इन्स्ट्रुमेंट विभाग असतो, म्हणून ते येथे घेतलेले नाहीत.

सॉफ्टवेअरपूर्वी मॅन्युअल

मॉडबस हा प्रोटोकॉल मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला आणि त्याची नियमावली सर्वांसाठी खुली आहे. त्याच्या साधेपणामुळेच तो टिकला. एक मास्टर (येथे आपला लॅपटॉप) विचारतो आणि ज्याचा पत्ता घेतला आहे तोच स्लेव्ह (मीटरसारखे उपकरण) उत्तर देतो. एरवी सर्व गप्प असतात. पत्ते १ ते २४७ पर्यंत असतात. उत्तरात येतात ते केवळ १६ बिटांचे आकडे, ज्यांना रजिस्टर म्हणतात. तो आकडा व्होल्टेज आहे की तापमान, त्याला दहाने भागायचे की शंभराने, हे प्रोटोकॉल सांगत नाही. हे सांगतो तो मॅन्युअलमधला रजिस्टरांचा तक्ता. त्यामुळे जगातील सर्वांत महागडे सॉफ्टवेअर असले तरी तक्त्याविना ते निरुपयोगी ठरते, आणि तक्ता हाती असेल तर फुकटचे साधनही पुरते.

म्हणून पहिली पायरी अशी की उपकरणाच्या मागील पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा, कारण शेवटच्या एका अक्षराने संवादाचा पोर्ट आहे की नाही हे ठरते, आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे मॅन्युअल उतरवून घ्यावे. त्यातून पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात : बॉड रेट (संवादाचा वेग), पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट), स्टॉप बिट (प्रत्येक बाइटच्या शेवटची खूण), उपकरणाचा पत्ता आणि हव्या असलेल्या प्रत्येक मोजमापाचा रजिस्टर क्रमांक व प्रकार. पहिल्या चार गोष्टी बहुतेक मीटरच्या स्वतःच्या मेनूमध्येही दिसतात आणि मॅन्युअलपेक्षा त्या अधिक विश्वसनीय असतात, कारण पूर्वी कोणीतरी त्या बदललेल्या असू शकतात.

तालुक्याच्या गावी असतानाच सर्व सॉफ्टवेअर, कन्व्हर्टरचे ड्रायव्हर आणि मॅन्युअल लॅपटॉपवर भरून ठेवावेत. कारखान्याच्या आवारात नेटवर्क मिळेलच असे नाही, आणि एका ड्रायव्हरपायी अख्खा दिवस वाया जाऊ शकतो.

कोणती साधने घ्यावीत

विंडोजवर काम करणाऱ्याने क्यूमॉडमास्टरपासून सुरुवात करावी. त्यात पत्ता, फंक्शन कोड (कोणते काम करायचे ते सांगणारा क्रमांक), रजिस्टर आणि संख्या भरली की उत्तर तक्त्यात दिसते, शिवाय तारेवरून गेलेले व आलेले मूळ बाइटही दिसतात. शिकणाऱ्यासाठी ही दुसरी सोय अतिशय मोलाची आहे. लिनक्सवर एमबीपोल हे कमांडने चालणारे साधन माझ्या मते सर्वांत उपयुक्त आहे. ही दोन्ही साधने लिबमॉडबस या मुक्त लायब्ररीवर उभी आहेत. पायथन येत असेल तर पायमॉडबस किंवा मिनिमलमॉडबस यांनी वीस-पंचवीस ओळींत स्वतःचा वाचक लिहिता येतो. मॉडपोल हेही चांगले साधन आहे, मात्र ते विनामूल्य असले तरी त्याचा स्रोत खुला नाही. एखाद्या ग्राहकाकडे कायमस्वरूपी बसवायचे असेल, तर अशा प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना वाचून घ्यावा.

प्रत्यक्ष उपकरणाला हात लावण्यापूर्वी घरी सराव करावा. डायागस्लेव्ह हे मोफत साधन संगणकालाच स्लेव्ह बनवते. विंडोजवर कॉमझिरोकॉम आणि लिनक्सवर सोकॅट वापरून एकाच लॅपटॉपमध्ये दोन आभासी सिरियल पोर्ट एकमेकांना जोडता येतात. एका टोकाला स्लेव्ह, दुसऱ्या टोकाला मास्टर. चुकीचा पत्ता किंवा अस्तित्वात नसलेले रजिस्टर दिल्यावर पडद्यावर काय दिसते हे येथेच पाहून ठेवावे, कारण साइटवर नेमकी तीच लक्षणे ओळखायची असतात.

तारा जोडणे

पॅनेलमध्ये काम करताना वीजपुरवठा बंद करून, पॅनेलच्या जबाबदार वायरमनला सोबत घेऊनच तारा जोडाव्यात. एनर्जी मीटरच्या मागे सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) टर्मिनल असतात. पुरवठा चालू असताना त्यांची तार कधीही सैल करू नये, कारण सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली की तेथे जीवघेणा विद्युतदाब निर्माण होतो. संवादाची टर्मिनल वेगळी असतात आणि आपला संबंध केवळ त्यांच्याशी आहे.

मॉडबस आरटीयू बहुधा आरएस-४८५ या दोन तारांच्या पद्धतीवर चालतो. केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शिल्ड असलेली घ्यावी. एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ती सलग न्यावी. एका ठिकाणाहून चहूकडे फाटे काढू नयेत. कमी वेगाला सुमारे १२०० मीटरपर्यंत आणि मूळ मानकानुसार ३२ उपकरणांपर्यंत ही तार चालते. लांब तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावतात. ते बरोबर लागले आहेत का हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे सर्व पुरवठा बंद ठेवून दोन्ही तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजणे : सुमारे ६० ओहम आले तर दोन्ही टोके ठीक आहेत, १२० च्या आसपास आले तर एक रोधक गायब आहे, आणि ४० आले तर कोणीतरी मध्येच तिसरा लावून ठेवला आहे.

ए आणि बी या अक्षरांवर फार विसंबू नये, कारण निरनिराळे उत्पादक ती उलटसुलट वापरतात. उत्तर आले नाही तर दोन तारांची अदलाबदल करून पाहावी; त्याने उपकरण बिघडत नाही. तिसरे, कॉमन टर्मिनल दिलेले असेल तर तेही जोडावे. जिनिंगमध्ये व्हीएफडी असतात, म्हणून संवादाची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नये आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ करावे.

यूएसबी कन्व्हर्टर थोडा महाग पडला तरी आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा) घ्यावा. विदर्भात पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत विजा पडतात आणि गावाकडील कारखान्यांचे अर्थिंग अनेकदा नावापुरतेच असते. अशा ठिकाणी दोन इमारतींमधील जमिनीच्या विभवातील फरक थेट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून वाट काढतो. पहिली चाचणी लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर करावी.

पहिला आकडा वाचणे

सुरुवातीला एकच उपकरण जोडावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कॉम पोर्टचा क्रमांक पाहावा. उबंटूसारख्या लिनक्समध्ये वापरकर्त्याला डायलआउट गटात घालावे लागते, अन्यथा पोर्ट उघडत नाही. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिप असलेला स्वस्त कन्व्हर्टर लावताच गायब होत असेल, तर ब्रेल पडद्यांसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम त्याला स्वतःचे उपकरण समजून बळकावतो; ब्रेल पडदा वापरात नसेल तर तो काढून टाकावा.

मॉडबसच्या नियमानुसार मूळ मांडणी १९२०० बॉड आणि इव्हन पॅरिटी अशी आहे आणि एमबीपोल तीच गृहीत धरतो, परंतु बाजारातील पुष्कळ मीटर ९६०० आणि पॅरिटीविना येतात. म्हणून हे पर्याय प्रत्येक वेळी स्वतः भरावेत. आता व्होल्टेजचे रजिस्टर वाचायला सांगावे. मॉडबसमध्ये वाचण्याचे चार फंक्शन कोड आहेत. त्यांपैकी ३ हा होल्डिंग रजिस्टरसाठी आणि ४ हा इनपुट रजिस्टरसाठी असून मीटरमध्ये याच दोहोंशी काम पडते. मॅन्युअलमध्ये ४०००१ असा क्रमांक दिसला तर तारेवरून प्रत्यक्षात जाणारा पत्ता शून्य असतो, आणि ३०००१ चा अर्थ इनपुट रजिस्टरातील पहिले. काही साधने मोजणी एकपासून करतात, काही शून्यापासून. वाचलेला आकडा शेजारच्या मोजमापाचा वाटला, तर एक पुढे किंवा एक मागे करून पाहावे.

पत्ता १, फंक्शन ३, पहिल्या दोन रजिस्टरांची विचारणा तारेवर ०१ ०३ ०० ०० ०० ०२ अशी दिसते आणि तिच्यामागे तपासणीचे दोन बाइट (सीआरसी) येतात. एकूण ८ बाइट जातात आणि उत्तराचे ९ बाइट परत येतात. ९६०० बॉडला एका बाइटला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे उपकरणाचा विचार करण्याचा वेळ धरूनही ही देवघेव पापणी लवण्याआधी पूर्ण होते.

उत्तर येत नसेल तेव्हा

येथेच बहुतेक जण धीर सोडून सगळी बटणे एकदम बदलू लागतात. वास्तविक अपयशाचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

पूर्ण शांतता असेल, म्हणजे टाइमआउट येत असेल, तर आपली विचारणा उपकरणापर्यंत पोचत नाही किंवा ती त्याला स्वतःची वाटत नाही. तारा उलट करणे, पोर्ट योग्य आहे का पाहणे, बॉड रेट आणि पत्ता मेनूमधून पडताळणे, या क्रमाने जावे. कन्व्हर्टरवर पाठवण्याचा दिवा लुकलुकतो का हेही पाहावे. पत्ता अजिबात कळत नसेल तर एमबीपोलला पत्त्यांची यादी किंवा पल्ला देता येतो. मात्र प्रत्येक पत्त्यासाठी एक सेकंद थांबले तर २४७ पत्त्यांना चार मिनिटांहून अधिक लागतात, आणि चार बॉड रेट गुणिले तीन पॅरिटी अशा बारा जुळण्या तपासायच्या तर जवळपास पाऊण ते एक तास जातो. म्हणून आधी मेनू, मग शोध.

उत्तर येते पण सीआरसीची चूक दाखवते, तर तार जिवंत आहे पण मजकूर बिघडतो आहे. पॅरिटी किंवा बॉड रेट चुकलेला असू शकतो, एकाच पत्त्याची दोन उपकरणे एकदम बोलत असू शकतात, किंवा व्हीएफडीचा गोंगाट तारेत शिरत असू शकतो. व्हीएफडी बंद असताना चूक नाहीशी होत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नये. केबलचा मार्ग बदलावा.

तिसरा प्रकार म्हणजे एक्सेप्शन. सॉफ्टवेअरने एक्सेप्शन २ दाखवले तर उपकरण सांगते आहे की असे रजिस्टर माझ्याकडे नाही. १ दाखवले तर तो फंक्शन कोड त्याला चालत नाही. नवख्याला ही चूक वाटते, पण ही उत्तम बातमी आहे : तारा, वेग, पॅरिटी, पत्ता हे सारे बरोबर असल्याशिवाय एक्सेप्शन येऊच शकत नाही. आता केवळ तक्ता नीट वाचायचा आहे. काही मीटर तक्त्यातील दोन नोंदींमधल्या रिकाम्या जागेवरही एक्सेप्शन देतात, म्हणून एका फटक्यात शंभर रजिस्टरे मागण्यापेक्षा लहान तुकडे मागावेत. नियमाने एका विचारणेत १२५ हून अधिक रजिस्टरे मागता येत नाहीत.

आकड्याचा अर्थ लावणे

पडद्यावर २३१५ दिसले आणि मीटरवर २३१.५ व्होल्ट असेल, तर दहाने भागायचे हे उघड आहे. ६५५२६ दिसले तर तो बहुधा उणे १० आहे, कारण १६ बिटांत ऋण संख्या ६५५३६ मधून वजा होऊन साठवली जाते. पुष्कळ मीटर मात्र दोन रजिस्टरे जोडून दशांश संख्या देतात. २३१.५ ही संख्या अशा पद्धतीत १७२५५ आणि ३२७६८ या दोन रजिस्टरांत येते. त्यांचा क्रम उलटा धरला तर उत्तर जवळजवळ शून्य, तेही ऋण, असे विचित्र दिसते. असे झाले की सॉफ्टवेअरमधील शब्दक्रमाचा पर्याय बदलावा. एमबीपोलमध्ये त्यासाठी मोठ्या बी अक्षराचा पर्याय आहे.

प्रत्येक आकडा मीटरच्या पडद्याशी ताडून पाहावा. ४०१ आणि २३१ यांत गोंधळ झाला तर एक फेज-फेज आणि दुसरा फेज-न्यूट्रल व्होल्टेज आहे, गुणोत्तर १.७३२ असते. युनिटचा आकडा कमी वाटत असेल तर मीटर सीटीच्या दुय्यम बाजूचे मूल्य देत आहे का ते पाहावे. २००/५ सीटी असेल तर ४० ने गुणावे लागते. मालकाला वीजबिलाशी तुलना करायची असते, त्यामुळे ही पडताळणी टाळता येत नाही.

या टप्प्यापर्यंत केवळ वाचावे. फंक्शन ५, ६, १५ आणि १६ हे लिहिण्याचे आहेत आणि व्हीएफडीमध्ये मोटार सुरू-बंद करणे हेही एका रजिस्टरातील लिखाणच असते. एमबीपोलमध्ये कमांडच्या शेवटी एखादी संख्या चुकून राहिली तर तो वाचण्याऐवजी ती लिहून मोकळा होतो. रुईच्या ढिगाशेजारी यंत्र अनपेक्षितपणे सुरू होणे किती धोक्याचे आहे हे जिनिंगवाल्यांना सांगायला नको. लिहिण्याचा सराव घरच्या आभासी स्लेव्हवर करावा.

नोंद ठेवणे

एक आकडा नीट आला की नोड-रेडकडे वळावे. आयबीएममध्ये सुरू झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर ब्राउझरमधून हाताळता येते. चौकोन जोडत काम उभे करता येते आणि मॉडबससाठीची जोडणी वेगळी बसवता येते. ठरावीक वेळाने वाचणे, भागाकार करणे, तारखेसह फाइलमध्ये ओळ लिहिणे, इतके सुरुवातीला पुरे. आलेख हवे असतील तर इन्फ्लक्सडीबी (नोंदी साठवणारे) आणि ग्राफाना (आलेख काढणारे) नंतर जोडता येतात, पण महिनाभर साधी फाइल नीट भरली जाते की नाही हे आधी पाहावे. बंद पडलेले एक उपकरण प्रत्येक फेरीत पूर्ण टाइमआउट खाते आणि बाकी सर्वांना उशीर करते, म्हणून वाचनाचा कालावधी ठरवताना हेही धरावे.

हे काम रास्पबेरी पाय या लहान संगणकावर ठेवायचे असेल तर दोन ग्रामीण अडचणी आहेत. पहिली वीज जाण्याची : अचानक बंद पडल्याने मेमरी कार्ड खराब होते, म्हणून लहान यूपीएस द्यावा. दुसरी घड्याळाची : रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये स्वतःचे चालू राहणारे घड्याळ नाही, ते इंटरनेटवरून वेळ घेते, वीज येऊन इंटरनेट न आल्यास नोंदींवर चुकीची वेळ पडते. स्वस्त आरटीसी (बॅटरीवर चालू राहणारे घड्याळ) मॉड्यूल लावल्याने हा प्रश्न सुटतो. टिनाच्या शेडमधील बंद पॅनेल मे महिन्यात किती तापते ते पाहून जागा निवडावी. बाहेरच ४५ अंश असताना आत पंख्याविना रास्पबेरी पाय ठेवू नये. नोड-रेडच्या संपादकाला मुळात पासवर्ड नसतो, तो पहिल्याच दिवशी घालावा.

मीटर इथरनेटवर असेल तर मॉडबस टीसीपी ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि वायरशार्क हे मोफत साधन त्याचे प्रत्येक पॅकेट उलगडून दाखवतो. मॉडबसमध्ये पासवर्ड किंवा कूटलेखन नाही. त्यामुळे फोर-जी राउटरवर हा पोर्ट बाहेर उघडा करून घरून आकडे पाहण्याचा मोह टाळावा. वायरगार्डसारखे मोफत व्हीपीएन वापरावे.

पाण्याच्या टाकीवरचा ट्रान्समीटर

नळयोजनेच्या उंच टाकीवर पातळीचा किंवा मुख्य वाहिनीवर दाबाचा ट्रान्समीटर असेल, तर तो ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो आणि त्यावर हार्ट असू शकतो. रोझमाउंटने १९८० च्या दशकात विकसित केलेला हा प्रोटोकॉल त्याच दोन तारांवर १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूक्ष्म स्वर चढवून १२०० बॉडने बोलतो, तरीही मूळ प्रवाहाचा आकडा बिघडत नाही.

हे स्वर संगणकाला वाचता यावेत म्हणून येथे हार्ट मोडेम विकत घ्यावा लागतो; त्याला मोफत पर्याय नाही. लूपमध्ये (पुरवठा व ट्रान्समीटर जोडणाऱ्या दोन तारांच्या मंडलात) किमान सुमारे २५० ओहमचा रोध असावा लागतो, नाहीतर पुरवठाच स्वर गिळून टाकतो. २० मिलिअँपिअरला या रोधावर ५ व्होल्ट पडतात, म्हणून पुरवठा तेवढा भार सोसतो का हे पाहावे. मोडेम रोधाच्या दोन टोकांना किंवा ट्रान्समीटरच्या दोन टर्मिनलांना जोडावा. सॉफ्टवेअर म्हणून पॅक्टवेअर विनामूल्य मिळते. मात्र ते मुक्त स्रोताचे नाही आणि ते विंडोजवर चालते. त्यात मोडेमचा संवाद डीटीएम (डीटीएम म्हणजे ड्रायव्हरसारखा घटक) आणि ट्रान्समीटरच्या उत्पादकाचा डीटीएम असे दोन घटक वेगवेगळे बसवावे लागतात. उत्पादकाचा डीटीएम मिळाला नाही तर सर्वसाधारण हार्ट डीटीएमवर मुख्य मोजमाप, प्रवाह आणि टॅग (उपकरणाचे नाव) इतके तरी दिसते.

याचा खरा उपयोग दोष शोधताना होतो. समजा टाकी ३ मीटरची आहे. १२ मिलिअँपिअर म्हणजे १.५ मीटर पाणी. हार्टवर १.५ दिसते, मल्टिमीटरवर १२ दिसतात, पण पंपघरातील पडद्यावर १.२ येत असेल, तर ट्रान्समीटर निर्दोष असून पंपघरातील स्केलिंग चुकले आहे. उलट हार्टवरच १.२ असेल तर टाकीवर चढावे लागेल. लूपचा प्रवाह स्थिर करणे किंवा शून्य ट्रिम करणे (शून्याची जुळवणी) ही कामे पंप हाताने चालवण्याच्या स्थितीत आणल्याशिवाय करू नयेत, अन्यथा टाकी ओसंडेल किंवा पंप कोरडा चालेल.

सरते शेवटी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा आणि त्यावर प्रत्येक उपकरणाचा पत्ता, बॉड रेट, पॅरिटी, वापरलेली रजिस्टरे, भागाकार, शब्दक्रम, सीटीचे गुणोत्तर आणि तारेचे रंग लिहावेत. कागद लॅमिनेट करून लावावा, कारण जिनिंगच्या धुळीत साधा कागद एका हंगामातच वाचेनासा होतो.